पाठीमागे ओतलेलं पाणी

प्रवासवर्णन लिहावं एवढा प्रवास मी केलेला नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. क्लेटनहून ब्रॉडमेडोज, म्हणजे मेलबर्नच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, इतकंच. पण तेव्हा वसईत पप्पा ऑक्सिजनवर होते. कोरोनामुळे भारतातून इकडे येणारी विमानं थांबवली होती. गेलो असतो तर युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, परत कधी येता येईल हे कुणीच सांगत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिला. "तू तिथंच थांब," असं पप्पांनीच बजावलं होतं.

तुर्कीच्या वर्गात गृहपाठ मिळाला होता: 'अमुक झालं असतं तर' हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून सांगताना लोक कसं बोलतात, ते प्रत्यक्ष ऐका. शिक्षिकेने तिच्या मावशीचा पत्ता दिला.

मास्क लावून ट्रेनने निघालो. शहरात गाडी बदलताना गोंधळलो, एक स्टेशन उलटा गेलो. ब्रॉडमेडोजला मास्कमधूनही भाजल्या पावाचा वास आला. आमच्या वाडीजवळच्या बेकरीची आठवण होऊन थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

एमिने तेयझे (मावशी) दारातच म्हणाल्या, "एवढा बारीक? युनीत नुसतं व्याकरणच वाढतात का?"

मागच्या अंगणात आयवाचं झाड होतं. पेरूसारखं पिवळं, कच्चं खाल्लं तर तुरट असं हे फळ. साखरेत शिजून लाल झालेल्या फोडी त्यांनी पुढे ठेवल्या. मी बिचकतच गृहपाठासाठी तसं एखादं वाक्य मागितलं.

त्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ तिकडे तुर्कस्तानात वारला. विमानं नव्हती. त्याचं शेवटचं बोलणं भाचीने फोनवर सांगितलं. गेल्सेयमिशिम... मी आले असते, तर आम्ही दोघांनी मिळून आयवा तोडली असती म्हणे."

'म्हणे' हा शब्द माझा. त्यांच्या क्रियापदात तो आतच असतो. मी मान हलवली, लिहून मात्र घेववेना.

"सारखा फोन बघतोयस," त्या म्हणाल्या. "घरी कोण आजारी आहे?"

"पप्पा."

त्यांनी माझ्या ताटलीत आणखी दोन फोडी वाढल्या.

निघालो, फाटकापर्यंत पोचलो, तोच मागे पाणी सांडलं आणि माझे बूट भिजले. मी दचकलोच. आमच्याकडे असं पाणी मांजरावर फेकतात.

मावशी हातात तांब्याएवढं भांडं धरून हसत होत्या. "घाबरू नको रे! जाणाऱ्याच्या मागे आम्ही पाणी ओततो. पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत ये."

"पण मी क्लेटनलाच चाललोय."

"क्लेटनसाठी कोण ओतेल? तुझ्या घरासाठी ओतलं."

परतीच्या गाडीत ओले मोजे गार पडत गेले, तरी बूट काढावेसे वाटले नाहीत. एवढ्याशा पाण्याला वसईची वाट कशी सापडणार, असं वाटत होतं. क्लेटन जवळ आलं आणि वसईहून ताईचा फोन आला.

"अरे ऐक, ऑक्सिजनची नळी काढली! पप्पा उठून बसले, पेज प्यायले, आणि लगेच बोलणं सुरू. तू असतास तर केळीचे घड एव्हाना उतरले असते म्हणे. मी काय इथं माश्या मारतेय?"