कापसाच्या खोलीतली घरघर

आमची नातसून वर्षाराणी नांदूरघाटची. लग्नात तिच्या भांड्यांआधी कम्प्युटरचा डबा दारात उतरला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नातू कारखान्यावर ड्युटीला. ही घरी बसून शाळेची पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि रेकॉर्ड करून पुण्याला धाडते. डोळ्यांनी दिसत न्हाई ती लेकरं ते ऐकून शिकतात म्हणे. नुसतं वाचायला कुणी पगार देतं, हे मला अजून पटलेलं न्हाई.

वाचायला तिनं कापसाची खोली धरली. भाव येईस्तोवर आमचा कापूस तिथं छताला टेकलेला असतो आणि कापूस आवाज गिळतो. तिचं बोलणं बाहेर कळायचं न्हाई, डब्याची घरघर तेवढी यायची. मला ते बरं होतं. घरघर चालू, म्हणजे पोरगी कामावर.

एक दिवस पुण्याहून निरोप आला: वाचण्यामागं घरघर येते, पुढचा धडा असाच आला तर काम बंद. पोरीचं तोंड उतरलं. ती डबा गप करायच्या मागं लागली आणि मी तिच्या मागं.

शेजारची वनमाला म्हणाली, "काकू, चोराला कुत्रं गपच लागतं. दार लावून कुणाशी बोलती, इचारा तरी."

मी म्हटलं, बघू तर. डालग्याखाली कोंबडी गप बसते, म्हणून डब्यावर वाकळ टाकली. तो तापला आणि दुप्पट बोंबलायला लागला.

"आज्जी, त्याला हवा लागती," वर्षाराणी म्हणाली.

"मशीनला?"

"तुमी तोंडावर वाकळ घेऊन बसा, मग कळंल."

मग तिनं पेचकस घेऊन डबा उघडला. आता मोडती, म्हणून मी दारातच उभी. आतल्या पंख्याला आमच्याच कापसाचे तंतू गुंडाळलेले, वात वळावी तसे. तिनं ते ब्रशनं काढले, पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला, डब्याखाली जुन्या चपलेचं रबर ठेवलं. घरघर उतरली, पण गेली न्हाई.

"आज्जी, कापूस हलवायचा का?"

"आधी भाव हलू दे."

शेवटी डबाच ओसरीवर आणला, वायरी खिडकीच्या फटीतून आत. खोली मुकी झाली आणि माझा जीव खालीवर. मी फटीला कान लावून बसले. वनमाला आलीच.

"काय ऐकू येतंय?"

"कावळ्याचं कायतरी वाचती."

"कावळ्याचं कशापायी?"

"आता आत जाऊन इचारू का?"

पुण्याहून सांगावा आला: घरघर गेली, पण मधी दोन बायका बोलत्यात. पुन्हा वाचा, ही शेवटची खेप.

वर्षाराणीनं ते मला ऐकवलं. मी शरमले न्हाई. ती म्हणाली, "आज्जी, डबा गप झालाय. आता तुमी."

दुसऱ्या दिवशी ती खोलीत शिरली तशी मी वनमालाचा दंड धरला आणि तिला थेट शेतातल्या बाभळीपर्यंत नेलं. ती सारखी मागं बघायची.

"काकू, आता तर घरात ती एकलीच. काय करत आसंल?"

"वाचत आसंल."

"तुमाला काय ठाव?"

"न्हाई ठाव. चल पुढं."

तो धडा पास झाला. काम टिकलं. आता रोज दुपारी आमची बाभळीपर्यंत फेरी असते. त्यानं गुडघे दुखायचे थांबले, असं वनमाला सांगते. मला त्याचाही संशय हाय.