अण्णा आपणहून बोलले तेव्हा

आमच्या नात्यात कुणाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायची वेळ आली की आधी फोन मला येतो. फोन करणारा आवाज खाली करून बोलतो, चोरीचा माल विकायला काढल्यासारखा. मी सांगते, आधीच्या डॉक्टरांचे कागद घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, झोप कधीपासून उडाली ते आठवून ठेवा. पहिल्या वेळी तासभर सहज लागतो. खुर्ची-टेबल असतं, कुणी बांधून ठेवत नाही. पेशंटला खरं सांगून न्या, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊ नका. लोक म्हणतात, ताई, तुम्हाला किती माहिती. माहिती आहे खरी. ती कशी झाली हे सांगायची मला लाज वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचा मळा नाशिकच्या वेशीलगत. गुलाब, शेवंती, झेंडू. अण्णा, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं रोज पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर, झेंडूला चांगला भाव असताना, ते गेले नाहीत. अंगणातल्या खाटेवर बसले ते बसलेच. काही विचारलं तर नुसतं "हं". ताट पुढे ठेवलं तर दोन घास. दिवाळी झाली, शेवंती झाडावर वाळली, आणि हे तिच्याकडे बघत बसलेले. आईने आधी दृष्ट काढली, मग जीपने सुरगाण्याच्या बाजूला एका भगताकडे नेऊन आणलं. भगताने कोंबडं घेतलं, अण्णा तिथेही गप्पच. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहिली आणि नाशकातच द्वारका चौकाजवळ बसणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला.

घरात शिकलेली मी, बी.कॉम. झालेली, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि नेमकं तेव्हाच देवळ्याचं स्थळ आलं होतं. पाहणं झालं होतं, पसंती कळली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. आई म्हणाली, या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. बाप वेडा म्हटल्यावर पोरीला कोण करील? ते सगळं आईचंच होतं असं म्हणून मला आज हात झटकता येतील. पण आईपेक्षा मीच जास्त घाबरले होते. मुलगा मला आवडला होता. शेजाऱ्यांना मी सांगितलं, अण्णांचा मोतीबिंदू दाखवायला नेतेय. अण्णांना सांगितलं, झोपेच्या डॉक्टर आहेत. ते "हं" म्हणाले.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि त्याच जिन्यावर एका दातांच्या डॉक्टरांचीही पाटी होती. मला केवढं बरं वाटलं. जिना चढताना मी गालाला रुमाल लावला. अण्णांच्या गालालाही लावायला गेले, तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

वर मला वाटलं होतं कुणी ओरडत असेल, कुणी कपडे फाडत असेल. तिथे तर बँकेच्या रांगेत असतात तशीच माणसं बसली होती. फक्त सगळी आपापल्या चपलांकडे बघत होती. माझ्या समोरच्या बाईंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. पिशवीवर कुठल्याशा दुकानाची जाहिरात आणि खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव, देवळा. मी गालावरचा रुमाल काढलाच नाही.

आणि कोपऱ्यातल्या बाकावर काका बसले होते. हे काका नात्यातले नव्हेत. बाजारात अण्णांच्या शेजारी वीस वर्षं फुलं घेऊन बसलेला माणूस. दोघांचा चहा एकातच यायचा, एकाने कपातून प्यायचा, दुसऱ्याने बशीतून. मी लहानपणी बाजारात गेले की रिकाम्या पाटीत बसवून ते मला झेंडूने झाकून टाकायचे. दिवाळीच्या आधी अण्णांची चौकशी करायला ते मळ्यावर आले होते, तेव्हा आईने दारातूनच सांगितलं होतं की हे गावाला गेलेत. आज त्यांच्या शेजारी काकू होत्या आणि काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला होता.

अण्णांनी त्यांना पाहिलं. आणि ते उठले. कुणी उठवलं नव्हतं, आपणहून उठले.

"तू इथं रे?" अण्णा म्हणाले. "लय दिवस झाले. तुलाबी झोप येत नाय का?"

तीन महिन्यांत ऐकलेलं त्यांचं हे पहिलं सरळ वाक्य. मला तर रडू फुटायला हवं होतं. काकांनी मान वर केली, त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी सोडवायला आल्यासारखा भाव आला, आणि तेही उठू लागले. आता हे दोघं बोलणार, बाजार निघणार, मळा निघणार, आडनाव निघणार, आणि समोरची पिशवी संध्याकाळपर्यंत देवळ्याला पोचणार. मी अण्णांचा दंड धरला आणि त्यांना खाली बसवलं. मग काकांकडे बघून, कॉलेजात शिकलेल्या स्वच्छ भाषेत म्हणाले,

"माफ करा हं. यांना हल्ली माणसं नीट ओळखू येत नाहीत. आपली काही ओळख नाही."

बापाला कुणी वेडा म्हणू नये म्हणून मी चारचौघांत बापाला वेडा ठरवलं. काका अर्धवट उठलेले होते. ते तसेच थांबले, माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि परत बसले. काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. मघापासून समोरच्या बाईंनी मात्र आपली पिशवी उलटी करून, अक्षरांची बाजू पोटाशी धरली होती. त्यांना आमच्या आडनावाचं काही पडलेलं नव्हतं, त्या बिचाऱ्या स्वतःलाच लपवत होत्या. हे माझ्या लक्षात आलं तोवर काकांचा नंबर पुकारला गेला होता. ते आत गेले, बाहेर आले, आणि आमच्या बाकासमोरून जाताना जमिनीकडे बघत गेले.

आत डॉक्टरबाई चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी अण्णांनाच बसायला सांगितलं आणि काय त्रास होतो म्हणून त्यांनाच विचारलं. उत्तर मी दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही मीच दिलं. तिसऱ्याला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, त्यांना बोलू द्या, मला घाई नाही. झोप, भूक, पोट साफ होतं का, कामात मन लागतं का, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. आमची आई विचारील तसेच प्रश्न. अण्णा तुटक तुटक सांगत होते. मग बाईंनी मला विचारलं, हे शेवटचं आपणहून कुणाशी बोलले ते कधी?

"तीन महिने झाले," मी म्हणाले.

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी ते लिहून घेतलं. आता इतकं झाल्यावर बाहेरची गोष्ट सांगायची तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे करावा इतक्या सहजपणे अण्णांना विचारलं, जीव नकोसा होतो का कधी? मी चिडलेच. असलं काही आमच्या घरात नाही, असं म्हणणार होते. अण्णा म्हणाले, "विहिरीपर्यंत गेलतो दोनदा." विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर. मी रोज तिथून पाणी आणत होते. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. हा आजार आहे, त्याला डिप्रेशन म्हणतात, तो बरा होतो, असं त्यांनी दोघांनाही सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर यांना एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं कुलपात ठेवायची. आणि यांच्या जवळचं कुणी असेल, ज्याच्याशी बोलावंसं वाटतं, त्याला येत-जात राहू द्या. असं कुणी आहे का?

"हाय एक," अण्णा म्हणाले. नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. त्यांनी मला वाचवलं हे मला तेव्हाही कळलं होतं.

गोळ्यांचा गुण आला. होळीच्या सुमाराला अण्णा पाट्या घेऊन बाजारात जाऊ लागले, भाजीत मीठ कमी म्हणून आईवर चिडूही लागले, आणि आईला त्याचाच आनंद. देवळ्याच्या लोकांनी मधल्या काळात नोकरीवाली मुलगी केली. त्यांना आमच्याबद्दल काही कळलं नव्हतं, आणि त्यांना कधी काही कळलंही नसतं. माझं चुकलं ते इतकं फुकट चुकलं.

काकांची जागा बाजारात रिकामी होती. ते दिवाळीनंतर आलेच नाहीत, असं अण्णांना तिथल्या लोकांनी सांगितलं. एका रविवारी अण्णा मला म्हणाले, चल, जाऊन येऊ. त्यांनी मलाच का बरोबर घेतलं हे मी विचारलं नाही.

काका पडवीत भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर उन्हाळ्यातही शाल. अण्णांना त्यांनी ओळखलं, बस म्हणाले, आणि परत अंगणाकडे बघू लागले. मी स्वयंपाकघरात काकूंकडे गेले आणि एका दमात माफी मागितली. काकू चहाचं आधण ठेवत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. बाजारात उभं राहिलं की काकांना घाम फुटायचा, छाती धडधडायची, आता मरतो असं वाटायचं. लोक हसतील म्हणून दवाखान्यात यायला तयार नव्हते. काकूंनी दोन महिने मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदा आले.

"घरी आल्यावर गोळ्या मोरीत टाकल्या," काकू म्हणाल्या. "म्हणले, तिथं जाणाऱ्याला वळखीची माणसंबी वळख देत नाय. परत काय गेले नाय. तुझे अण्णा बरे झाले ना, बास."

मी काकांपुढे जाऊन बसले. म्हटलं, काका, मी नेते तुम्हाला, उद्याच नेते. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि नको अशी मान हलवली. मग काकूंना म्हणाले, पोरीला बिस्किटं दे.

परतताना रिक्षात मी अण्णांना म्हटलं, तुम्ही तेव्हाच मला का नाही रागावलात?

"मला गोळ्यांनी बरं वाटलंच असतं," ते म्हणाले. "त्याला मी तिथं वळखीचा म्हणून दिसायला पाह्यजे होतो."