मी तिचे श्वास मोजले नाहीत

माझी मुलगी दहा महिन्यांची होती तेव्हा मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. नवरा फौजेत, पार आसामात. उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी राहायचो, आणि मुलीला सांभाळायला माझी आई कुंडलहून येऊन राहिली होती.

त्या हिवाळ्यात गावात घरोघरी खोकला होता. सांगलीला आमचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं आणि तिथं शिकलेलं मी दारोदार सांगत फिरत होते. नाक वाहतंय, अंग जरा कोमट आहे, पण पोर खेळतंय, पितंय, तर ती सर्दी. ऊब द्या, पाजत राहा. एकाएकी सणकून ताप, अंग मोडून येणं, घरातली माणसं एकापाठोपाठ अंथरुणाला लागणं, हा फ्लू. उबळ थांबता थांबत नाही, शेवटी पोर लांब आवाज करून श्वास ओढतं आणि ओकतं, तो डांग्या खोकला. पण श्वास भरभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पोर प्यायचं थांबलंय, तर घरात बसायचं नाही. तो न्यूमोनिया असू शकतो.

मग मलाच फ्लू झाला. बदलीला कुणी नव्हतं, म्हणून तापाच्या गोळ्या घेऊन मी फिरत राहिले. आजारी माणसानं तान्ह्या पोरापाशी खोकू नये, हात धुतल्याशिवाय त्याला घेऊ नये, हे मी बायकांना बजावत होते. स्वतः मात्र घरी आले की आल्या पावली लेकीला उचलायची, तिच्या गालाला गाल लावायची.

चार दिवसांनी तिचं नाक वाहायला लागलं. दोन दिवस ती खेळत होती, पीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लसीचा डबा खांद्याला लावून निघाले, तर आई दारात आडवी आली.

"पोरगी पीत न्हाई गं. पहाटेपास्नं तोंड फिरवतीया."

"नाक चोंदलंय, आई. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घाल. साधी सर्दी आहे."

"मला बरं दिसंना. आज जाऊ नगंस."

"वस्तीवर बायका पोरं घेऊन बसल्या असतील गं."

घड्याळ माझ्या मनगटावर होतं. तिच्या अंगावरची दुपटी बाजूला करून एक मिनिट बघायचं होतं. मी बघितलं नाही.

वस्तीवर पोरांना सुया टोचत असताना एका बाईनं सहज विचारलं, "बाई, तुमच्या लेकीला बरं हाय न्हवं?"

"सर्दी झालीय. सकाळपासून पीत नाही."

तिचा चेहराच बदलला. "पीत न्हाई? आवं, पोर प्यायचं थांबलं की घरात बसायचं न्हाई, हे तुमीच सांगितलं व्हतं की मला! तवा मी माझ्या पोराला घिऊन तालुक्याला पळाले न्हाई का?"

मी डबा मदतनीस बाईंच्या हवाली केला आणि पळत सुटले. पाऊण तासाची वाट, नुसती धूळ. दर पावलाला वाटत होतं, काही नसेल, उगाच घाबरलेय. आणि दर पावलाला कळत होतं, की असणार.

आई उंबऱ्यात तिला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी रडत नव्हती. मी दुपटी काढली. श्वासागणिक बरगड्यांखालचं मांस आत ओढलं जात होतं, नाकपुड्या फुलत होत्या. मी मोजायला लागले. या वयाला मिनिटाला पन्नासच्या आत हवेत. अडुसष्ट. पुन्हा मोजले. सत्तर. उपकेंद्रातली न्यूमोनियावरची गोळी चुरून माझ्याच दुधात कालवली आणि चमच्यानं तिच्या तोंडात घातली. निम्मी ओठांच्या कडेनं बाहेर आली.

एसटी गेलेली. वडापची जीप माणसांनी खच्चून भरली होती, पण ड्रायव्हरनं मुलीकडं एकदा बघितलं आणि पुढचे तिघं खाली उतरवले. आटपाडीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "ऑक्सिजन लागेल. सांगलीला न्या." सांगलीपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. आई खिडकीकडं तोंड करून.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला ऑक्सिजन लावला. ओठ निळसर झाले होते. केसपेपर भरताना त्यांनी विचारलं, "प्यायची कधी थांबली?"

"आज पहाटे."

"आणि आता आणलीत? तुम्ही काय करता?"

आईनंच सांगितलं, "नर्स हाय ती."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवस मी खाटेशी उभी राहून मोजत होते. बासष्ट. चौसष्ट. पुन्हा बासष्ट. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मोजणं चुकलं तर पोरगी जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. चौथ्या दिवशी आकडा पन्नासच्या खाली आला. पाचव्या दिवशी ती प्यायली. थोडंच, पण स्वतःहून.

घरी सोडलं त्या दिवशी एसटी स्टँडवर आईनं मुलीला माझ्याकडून घेतलं.

"हिला मी कुंडलला नेते. तू हितं दिवसभर रोग्यांत फिरणार. पोर माझ्याजवळ ऱ्हाईल."

ती रागानं बोलत नव्हती. मी भांडले असते तर तिनं ऐकलंही असतं. पण मी काय म्हणून भांडणार होते? मुलीच्या कपड्यांची पिशवी मी कुंडलच्या गाडीत चढवून दिली.

आटपाडीच्या गाडीत मी एकटीच बसले. घरी गेल्यावर दोन दिवस दूध पिळून मोरीत टाकलं. पुढं दीड वर्ष सुट्टी मिळेल तशी कुंडलला जात राहिले. मी दारात गेले की मुलगी आधी आजीच्या मागं लपायची. तिला घेण्याआधी मी कोपरापर्यंत हात धुवायची, आणि ती मला लांबून बघत राहायची.