दोन वादळांचा बर्फ

"आधी बर्फाला विचार, मग मला," हे आलारियाकचं वाक्य होतं. खाडी ओलांडण्याइतकी गोठली का, असं कुणी विचारलं की तो हेच म्हणायचा, आणि चहा झाला का असं विचारलं तरी हेच. गावातल्या पोरांनी नकला करून करून त्या वाक्याचं सालपट काढलं होतं, तरी म्हातारा ते सोडत नव्हता. त्याच्या आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, आलेल्या तीनच गोष्टी त्याच्यापाशी उरल्या होत्या: हे वाक्य, कॅरिबू हरणाच्या शिंगाची, बर्फात खुपसायची काठी, आणि बर्फ कापायचा लांब सुरा.

त्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी पुतुलिकने खिडकीतून बाहेर उडी मारली, फावड्याने दार मोकळं केलं, आणि आत येऊन मिशांवरचा बर्फ न झटकताच टेबलावर कागद ठेवला.

पुतुलिक आलारियाकचा जावई. वय बत्तीस, गावात पाण्याचा टँकर चालवायचा. पण आबा वारले त्याच हिवाळ्यात तो शेजारच्या घरी जन्मला होता आणि त्याला त्यांचं नाव मिळालं होतं. ज्याचं नाव ठेवलं तो माणूस त्या मुलात परत आला, असं उत्तर टोकाच्या त्या गावात धरतात. म्हणून तो दुपट्यात होता तेव्हापासून आलारियाक त्याला "आबा" म्हणत आला होता, आणि "तुम्ही" म्हणत आला होता. पुतुलिकने हा मान लहानपणी खेळण्यासारखा वापरला होता. आता काठीसारखा वापरत होता.

"शुक्रवारी विमान येतंय," तो म्हणाला. "दक्षिणेत, शहरातल्या वृद्धाश्रमात खाट रिकामी झालीय. ऊलायूने सही केली की तू निघालास, पोरा."

ऊलायू, आलारियाकची एकुलती एक मुलगी, कागदासमोर बसली होती. हो म्हणायचं तर भुवया उचलायच्या, नाही म्हणायचं तर नाक मुरडायचं, एवढंच तिला करायचं होतं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"मी काय केलंय, आबा?"

"किटली जाळलीस. मागच्या वादळात शेजारच्या आर्नाकाकच्या घरात शिरून तिच्या पलंगावर झोपलास."

"सगळी घरं एका मापाची बांधून ठेवलीत. दार चुकलं."

"ती गावभर सांगतेय, वीस वर्षांनी घरात पुरुष आला आणि तोही घोरणारा. लाज आम्हाला वाटते. तुझं डोकं गेलंय."

आलारियाकने हातातला मासा खाली ठेवला. गोठलेल्या माशाचे पातळ काप तो स्वतः करत होता आणि एकही जाड झाला नव्हता.

"डोकं गेलेल्या माणसाला इग्लू बांधता येतो का?"

पुतुलिक हसला. "बांध की. इथेच, घरामागे, माझ्या डोळ्यांसमोर. खाडीवर जाऊन हरवायचं आणि मग मी शोधत फिरायचं, हे नको. उजेड आहे तोवर पुरा कर. मी वर चढून उभा राहीन. पेललं तर हा कागद फाडतो. नाही पेललं तर शुक्रवारी तोंड न उघडता विमानात बसायचं."

"बरं," आलारियाक म्हणाला.

घरामागे तेलाच्या टाकीच्या पलीकडे बर्फाचा उंच ढीग साचला होता. म्हाताऱ्याने शिंगाची काठी त्यात खुपसली. काठी आधी सहज गेली, अगदी सहज. मग हातभर खाली गेल्यावर अडखळली, आणि तिथून पुढे दाटपणे, एकसारखी सरकली. त्याने डोळे मिटले. खालचा बर्फ जानेवारीच्या वादळाचा, वाऱ्याने रगडून रगडून घट्ट केलेला. वरचा या तीन दिवसांचा, घरांच्या आडोशाला निवांत पडलेला, वाऱ्याचा मार न खाल्लेला. तो दिसायला बर्फ, पण हातात भुगा. खरा बर्फ समोर खाडीवर पसरला होता, तीनशे पावलांवर, जिथे वारा मोकळा होता.

"काय म्हणतोय बर्फ?" पुतुलिक पायरीवरून ओरडला. "दम लागला म्हणतोय का?"

आलारियाकने सुरा काढला. वरचा थर बाजूला सारून त्याने खालचा कापायला घेतला. सुरा सरसर चालला. लाद्या दगडासारख्या निघाल्या, ठोकल्या तर वाजणाऱ्या. पहिला फेरा त्याने उतरता कापला, म्हणजे पुढची लादी मागचीवर चढत जाईल आणि भिंत सापासारखी गुंडाळत वर येईल. तो आत उभा राहूनच कापत होता आणि आत उभा राहूनच रचत होता. त्र्याहत्तर वर्षांच्या हातांना काही आठवावं लागत नव्हतं.

आर्नाकाक आपल्या दारातून आली, कुणी न बोलावता, आणि बाहेरून भेगांमध्ये बर्फ लिंपू लागली.

"हे बायकांचं काम तुझ्या पोरीने करायला हवं," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "पण ती बापाची की नवऱ्याची, ते तिचं ठरेना. आजोबाशीच लग्न लावून बसली, मग असंच होणार."

"तू गप लिंप," आतून आलारियाक म्हणाला.

"माझ्या पलंगावर निजलेल्या माणसाने मला गप बसवू नये."

ऊलायू पायरीवर उभी होती. कागद आणि पेन तिच्या खिशात होतं. पुतुलिकने तिला तिथेच थांबायला सांगितलं होतं.

चौथा फेरा अर्धा झाला तेव्हा खालचा बर्फ संपला. सुरा जमिनीवरच्या खडीला घासला. आलारियाक थबकला. खाडीवर जाऊन आठ-नऊ लाद्या घसरगाडीवर घालून आणल्या असत्या तर तासाभराचं काम होतं. उजेडही तेवढा होता. पण पुतुलिकची नजर त्याच्या पाठीवर होती. आता बाहेर पडून खाडीकडे निघालो तर तो म्हणेल, म्हातारा काम अर्धवट टाकून भरकटला. शेजाऱ्यांच्या खिडक्यांमागे चेहरे होते. आलारियाकने आतच कडेला सारून ठेवलेल्या वरच्या थरातून लादी कापली. ती कडेने भुरभुरली. हाताने दाबून, थापटून त्याने ती बसवली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटचं बूच माथ्यावर टेकवलं, चारी बाजूंनी सुऱ्याने खरवडून ते अलगद जागेवर उतरवलं, आणि स्वतःला आत कोंडून घेतल्यावर खाली दार कापून रांगत बाहेर आला.

इग्लू सुंदर दिसत होता. खालून निळसर, वरून पांढरा. तो रंग कसला, ते तिथे फक्त आलारियाकला कळत होतं.

त्याचे आबा प्रत्येक इग्लूवर असेच चढायचे. सोळा वर्षांच्या आलारियाकचे पहिले दोन त्यांनी पायाखाली पाडले होते. शिवी नाही, थप्पड नाही. बर्फ झटकून ते एकच शब्द बोलायचे, "पुन्हा."

पुतुलिक चढला. भिंत त्याच्या बुटांखाली हललीही नाही. अर्ध्यावर तो थांबला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू जरा उतरलं. मग त्याने माथ्यावर पाय ठेवला आणि उभा राहिला. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला माथा खचला आणि तो काखेपर्यंत आत गेला.

खिडक्यांमागे कुणीतरी हसलं. पुतुलिकच्या दाढीत, कानात बर्फ गेला होता. "पडलं," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय. पडलं."

"पडलं," आलारियाक म्हणाला.

ऊलायू पायरीवरून खाली आली. "कुठून गेलं?"

"चौथ्या फेऱ्याची पाचवी लादी. तिथून वर सगळा या आठवड्याचा बर्फ आहे. काठीने मला सकाळीच सांगितलं होतं." तो लेकीकडे बघत होता. "मी विचारलं. त्याने उत्तर दिलं. मी ऐकलं नाही, कारण तुझा नवरा बघत होता."

मग तो भोकात अडकलेल्या जावयाकडे वळला. "आबा, तुम्ही बरोबर केलंत. वाईट घर पाडायचंच असतं. आता पुढचा शब्द बोला."

पुतुलिकला तो शब्द माहीत होता. लग्नापासून दहा वर्षं त्याने ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर ऐकली होती. त्याने दोन्ही कोपर भिंतीवर टेकले, वर यायचा प्रयत्न केला. खालच्या तीन फेऱ्यांनी त्याचं सगळं वजन न कुरकुरता पेललं.

"विमान शुक्रवारी," तो म्हणाला. "ऊलायू, सही कर."

आलारियाक थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. शब्द आला नाही. त्याने सुरा कमरेला खोचला, शिंगाची काठी उचलली आणि खाडीच्या दिशेने चालू लागला. सावकाश, पण सरळ.

"गेला. बघितलंस?" पुतुलिक म्हणाला. "आता हरवेल. करतेस ना सही?"

ऊलायूने त्याच्याकडे बघून नाक मुरडलं आणि ती पुन्हा बापाकडे बघू लागली. आर्नाकाक हातातला बर्फ तसाच धरून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. भोकातून पुतुलिकलाही दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. खाडीवर म्हातारा थांबला, काठी खुपसली, मान कलती करून उभा राहिला. मग आणखी दहा पावलं पुढे गेला, आणि त्याने बर्फाला पुन्हा विचारलं.