पागोळीच्या बाहेर

"तुमच्या आईंना तिथेच उभं राहू द्या. पागोळीच्या बाहेर. फोटो फार सुंदर येईल."

बंगल्याची मालकीण हे मला म्हणाली. अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं. आई चार हातांवर उभी होती. तिने ऐकलं. पदर डोक्यावर नीट घेतला.

मी कलाकार आहे. चित्रं चौकटीत घालत नाही. खोल्या, दारं, वाटा उभ्या करते आणि माणसं त्यात कशी वावरतात ते बघते. कोण बेधडक शिरतं, कोण अंग चोरतं. हे मी कॉलेजात शिकले नाही. आई आणि आमच्या वस्तीतल्या बायका चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत सुपारी सोलायला जायच्या. मालकाला काही सांगायचं, मागायचं असलं तर पागोळीच्या बाहेर उभं राहून. कौलांवरचं पाणी जिथे पडतं तिथे जमिनीत चर पडतो. तो चर आमची हद्द. पाऊस असला तरी बाहेरच. पडवी रिकामी असली तरी बाहेरच. त्यासाठी कुणाला पाटी लावावी लागली नाही.

मुंबईच्या या बाईंनी तसलीच एक वाडी विकत घेतली. जुनं घर चकाचक केलं आणि मला काम मांडायला बोलावलं. असं बोलावणं आलं की मी आधी स्वतःला विचारते, यांना माझं काम हवंय की माझी जात? पहिल्याच भेटीत बाईंनी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात नक्की कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. बाई खूश झाल्या. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं. तरी गेले. पडवी मला हवी होती.

पडवीच्या कडेला वर मी बारीक भोकांची नळी लावली. थेंबांची सलग रांग. पाहुण्यांनी ती ओलांडून आत यायचं, एवढंच काम. मला बघायचं होतं कोण थांबतं. कोणीच थांबलं नाही. हसत, केस झटकत, भिजल्याचं कौतुक करत सगळे आत.

मग आई आली. ठेवणीतली साडी, चपला काढून हातात. थेंबांपाशी आली आणि थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. मी आत, ती बाहेर. मोबाईल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "किती खरं वाटतंय ना." त्यावर मालकीणबाई ते फोटोचं बोलल्या.

माझं डोकं सणकलं.

"आई, आत ये."

"नको गं. हितंच बरी हाय मी."

मी नळ बंद केला. थेंब थांबले. मागून कुणीतरी कुरकुरलं, फोटो राहिलेत म्हणून. आई मात्र जागची हलली नाही. पाणी नव्हतं, चर नव्हता, खाली नवी गुळगुळीत फरशी. तरी तिचे पाय तिथेच. मला रडू आलं नाही. संताप आला.

मी मालकीणबाईंना म्हटलं, "माझ्या आईशी बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला."

त्या हसल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्ही हे सगळं मानत नाही."

मानत नाहीत. पण पडवी उतरून गेल्याही नाहीत.

मी शिडी लावली. सगळ्यांच्या डोक्यावरून नळी सोडवून घेतली. आत राहिलेलं पाणी एकाच्या रेशमी कुडत्यावर सांडलं. बरं झालं.

आई म्हणाली, "कशाला तमाशा करतेस? त्यांचं घर हाय."

"घर त्यांचं. काम माझं."

हे काम आता कुठल्याही बंगल्यात लागणार नाही. ते आमच्या गावात लागेल. ज्या ज्या दारापुढे आई उभी राहिली त्या प्रत्येक दारापुढे, दिवसाढवळ्या. ती घरं मला ठाऊक आहेत. तिथली माणसं हल्ली मला ताई म्हणतात, उद्या हारही घालतील. मला हार नको. त्यांनी पडवी उतरून यावं. पाण्याच्या या बाजूला, आमच्या बाजूला, भिजत उभं राहावं आणि आईला नावाने हाक मारून आत चला म्हणावं.

नाही आले, तर नळ मी बंद करणार नाही.