कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेला फोटो

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी. बडोद्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. जे घडतं त्याला कारण असतंच, असं मानते... म्हणजे मानत होते.

माझ्या नवऱ्याचं, निखिलचं, हे दुसरं लग्न. त्याची पहिली बायको शुभदा आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी आजारपणात गेली. नागरवाड्यातल्या आमच्या घरात तिचं नाव मात्र रोज निघतं. "शुभदाची कढी म्हणजे—" असं सासूबाई सुरू करतात आणि मी ताटातला भात कालवत राहते. गेलेल्या बाईशी बरोबरी कशी करायची? तिची कढी आता कधीच फाटणार नाही.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी निखिलच्या जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो गोळा करायचे होते. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर! मी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक फोल्डरात तळापर्यंत जाते आणि फोटो कॉपी करते. कुठे शिरायचं नाही, तेही तिला सांगून ठेवता येतं. मी सांगितलं — 'शुभदा' नावाचा फोल्डर वगळ. एखाद्या लिंकवरून, म्हणजे शॉर्टकटवरून, तिकडे पोचायला नको, म्हणून लिंकमागे जायचा 'फॉलो'चा ऑप्शनही बंद ठेवला.

रविवारी दुपारी स्क्रिप्ट चालवली. ती कुठे कुठे शिरली ते स्क्रीनवर दिसत होतं. शुभदाचा फोल्डर त्यात नव्हता. तरी जमलेल्या फोटोंत पहिलाच फोटो तिचा!

खंडेराव मार्केटमध्ये शुभदा वांगी निवडतेय. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून... मी. अंगात गेल्या नवरात्रीत घेतलेला मोरपंखी कुर्ता. दोघी हसतोय. आम्ही आयुष्यात कधी भेटलेलो नाही.

कोणी एडिट केला असेल, म्हणाल. पण डिस्क आमच्या लग्नाआधीपासून माळ्यावर पडून होती, मीच खाली काढली. तिचा फोल्डर उघडला, त्यात हा फोटो नाही. अख्ख्या डिस्कवर कुठेच नाही. कॉपी पुसून पुन्हा स्क्रिप्ट चालवली... पुन्हा आला. ऑफिसातल्या हेतलने स्क्रिप्ट तपासली, तिलाही चूक सापडली नाही. म्हणाली, "मेधाबेन, ऑप्शन तो बराबर ज छे."

शेवटी निखिलला दाखवला.

"हा मी काढलेला नाही," तो हळूच म्हणाला.

मी फोटोकडे बघतच नव्हते. त्याची नजर आमच्यापैकी कोणावर आहे, ते बघत होते.

"मेधा, घाबरलीस का गं?" त्याने विचारलं. नजर मात्र शुभदावरच.

तो फोटो आला कुठून, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा. पण खरं सांगते, त्या क्षणी भीती वाटलीच नाही... मी नुसती जळत होते.