स्टुलावरचा पेला

दुपारचं जेवण झालं की काका खोलीबाहेरच्या स्टुलावर स्टीलचा पेला उपडा ठेवायचे, त्यावर चमचा, आणि आत जाऊन आडवे व्हायचे. त्यांना उठवायचं तर बाहेरूनच पेला वाजवायचा, ‘मी आहे’ म्हणायचं आणि आतून ‘हं’ आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

ही रीत त्यांनीच घालून दिली होती. सैन्यातून परतले त्या वर्षी काकूने त्यांना उठवायला खांद्याला हात लावला. डोळे उघडायच्या आत त्यांनी तिचं मनगट पिरगळलं, हाड मोडलं. काकूने शेजारी सांगितलं, मी मोरीत घसरले. शेजारणीने विश्वास ठेवल्यासारखं केलं. हात प्लास्टरमध्ये होता तोवर काका रोज तिची वेणी घालायचे, वाकडीतिकडी. त्यानंतर पेला आला.

सैन्याच्या डॉक्टरांनी तपासलं. हातपाय धडधाकट आहेत म्हणाले. झोप न येणं ही काही जखम नव्हे.

पुढे एका गोदामावर रखवालदारी मिळाली. एकदा तिथे ट्रकचा टायर फुटला. काकांनी शेजारच्या हमालाला खाली पाडलं आणि त्याला वाचवायला स्वतः वर आडवे पडले. हमालाचा दात गेला. मालक म्हणाला, “तुमच्याबद्दल आदर आहे हो, पण उद्यापासून येऊ नका.” हाच मालक दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या समारंभाला त्यांना पहिल्या रांगेत बसवायचा आणि लोकांना टाळ्या वाजवायला लावायचा. टाळ्यांनी काका दचकायचे. लोकांना वाटायचं, संकोचलेत.

घरातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी काकूने पेला वाजवला. उत्तर नाही. पुन्हा वाजवला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. काका घोरायचे नाहीत. घोरण्याइतकी झोप त्यांना लागतच नसे.

“आई, राहू दे गं,” त्यांची मुलगी कुजबुजली. “कधी नव्हे ते गाढ झोपलेत.”

“माझीच दृष्ट लागायची,” काकू म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली. तिने रेडिओ बंद केला, दाराशी आलेल्या इस्त्रीवाल्याला खुणेनेच परत पाठवलं. दोघी स्वयंपाकघरात चोरासारख्या वावरत राहिल्या. काकांच्या चहावर साय धरली.

दिवे लागायची वेळ झाली. पेला कितीही वाजवला तरी ‘हं’ येईना, तेव्हा मुलगी आत निघाली. काकूने तिची बाही धरली. “थांब, अजून एकदा वाजव.”

मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, “ते घोरणं झोपेचं नव्हतं. दुपारीच आणायला हवं होतं. हलवून नाही पाहिलंत?”

“त्यांना हात लावायचा नसतो,” काकू म्हणाली. नर्सने सुई लावायला काकांचा हात बेधडक उचलला, तशी काकू दोन पावलं मागे सरली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आदल्या दुपारी आडवं होण्याआधी ते शेवटचं बोलले होते. मुलगी चेष्टेने पेल्यावर ताल धरून बसली होती. त्यांनी तिच्या हातातून चमचा काढून घेतला, पेल्यावर नीट ठेवला.

“तबला नाहीये तो. चहा झाला की वाजव.”